नावाच्या आधीचं फूल

"नाव काय टाकू?" भांडीवाल्यानं विचारलं.

"यमुना," वहिनी म्हणाली.

मी मागं वळून पाहिलं. मला वाटलं, आणखी कोणी बाई दुकानात आली.

"कोण यमुना?"

"मी," ती माझ्या कानाशी म्हणाली आणि पदरानं मान पुसली, जशी काही उकाड्याबद्दल बोलून राहिली.

पन्नासच्या वर वर्षं झाली, मी हिला ओळखते. माझ्या सख्ख्या भावाची बायको. मोहगावच्या आमच्या घरात ती आली तेव्हा मी शाळेत जात होते, आणि भावानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहिलं ते मी वाकून वाचलं होतं. सुनंदा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तांदूळ सारखे केले, संध्याकाळी त्यांचाच भात झाला, आणि तोही मी दोनदा मागून खाल्ला. त्या तांदळाच्या आधी ह्या बाईला काही नाव असेल, हे माझ्या डोक्यात आजपर्यंत आलं नाही. मी मोठी शहाणी म्हणून गल्लीत मिरवते. पोथ्या वाचते, बायकांचे अर्ज लिहून देते. आणि हे माझं शहाणपण!

भांडीवाल्यानं तिचा नवा गंज, म्हणजे पुरणा-भाताचं पातेलं, मांडीवर घेतला, बिजलीची लेखणी लावली आणि घर्रर्र सुरू केलं.

आता ही पांढुर्ण्याच्या बाजारात आखाडाच्या उकाड्यात भांडी कायला घेऊन राहिली ते सांगते. मंगळवारी सौसरच्या बसनं ती उतरली. हातात एक पिशवी. वय चौऱ्याहत्तर. माझ्या घरी आली असं मला वाटलं, म्हणून मी चहा ठेवला.

"चहा पेते," ती म्हणाली, "मंग मले खोली दाखव. तुह्या समोरची खाली आहे म्हणत होती ना तू फोनवर."

"अवो, खोली कायले? हे घर नाही का? दोन खोल्या आहेत, एक तुमची."

"तुह्या घरी राहायचं असतं तर पोराच्या घरी काय वाईट होतं? मले माह्या घरी राहायचं आहे."

भावाची पेन्शन तिला मिळते, त्यामुळं भाड्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो तिच्या पोराला. माझा भाचा. संध्याकाळच्या आत त्याचा फोन आला.

"आत्याबाई, आई पागल झाली का? लोक काय म्हणतीन? येकटी राहते म्हणे! तिले साधा गॅस लावता येत नाही धड. तुम्ही पाहा, पोळ्याच्या आत वापस येते."

पोळ्याच्या आत. मी फोन ठेवला आणि खूप हसले. बाप गेला, पण बापाचं वाक्य घरात तसंच टांगून आहे, बापाच्या कोटासारखं. त्या कोटाला निदान कसर तरी लागली असेल.

आणि बोलतो कोण? ज्याचं पोरगं नागपूरला "स्वतंत्र" राहायला गेलं तेव्हा गावभर पेढे वाटले. तो स्वतंत्र! रोज सकाळच्या बसनं त्याचा डबा जातो, शनिवारी मळके कपडे येतात, सोमवारी धुऊन जातात. खोलीचा फोटो पाठवला होता मला. भिंतीवर दिव्यांची माळ आणि खाली मांजरासारखा पसरलेला हा. मी एकच विचारलं, "बाबू, झाडू दिसत नाही कुठं?" त्यानंतर फोटो आले नाहीत.

घर्रर्र. ह्या मशीनचा आवाज मला आवडत नाही. दात कोरल्यासारखा. ह्याच दुकानाच्या ओट्यावर ह्याचा बाप बसायचा, चष्म्याच्या तुटलेल्या काडीच्या जागी दोरा बांधलेला. त्याच्या हातात पोलादाचं एक टोक आणि इवलीशी हातोडी. टिक टिक टिक टिक. ठिपका, ठिपका, ठिपका, आणि ठिपक्यांचं अक्षर. गल्लीच्या तोंडाशी आलं की तो आवाज यायचा, जशी काही पत्र्यावर चिमणी दाणे टिपून राहिली.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, बिनलग्नाची. का निघाले घरातून, ते विचारू नका. ते सांगायला गेलं तर दोन दिवस लागतात आणि ऐकून कोणाचं भलं होत नाही. निघाले, एवढं खरं. भाऊ ओसरीत उभा होता, बोरगावच्या एका बिजवराचं स्थळ खिशात घेऊन. दोन लेकरांचा बाप, मिशा रंगवलेला.

"जा," भाऊ म्हणाला. "पोळ्यापर्यंत राहून दाखव येकटी. तुह्यासमोर त्या माणसाचं नाव पुन्हा काढणार नाही मी. पण पोळ्याच्या आत वापस आली, तर त्याच हप्त्यात हळद लागते. मंजूर?"

"मंजूर."

"आठ दिवसांत येते हे," तो मागं वळून वहिनीला म्हणाला. वहिनी सुपात काही पाखडत होती. तिनं मान वर केली नाही. मला तेव्हाच तिची चीड आली. बाईनं बाईकडे एकदा पाहू नये?

पांढुर्ण्यात संत्र्याच्या आडतीवर छाटणीचं, म्हणजे फळं निवडायचं काम मिळालं. मृगाच्या बहाराचा संत्रा चालू होता, फाल्गुनात उतरणारा. तो वास काय सांगू. पहाटे गाड्या खाली व्हायच्या, संत्र्यांचे ढीग अंगणात, त्यावर दव. तणसाचा कोंदट गोड वास, पेट्यांच्या ताज्या सालईच्या लाकडाचा वास, आणि आमच्या बोटांना सालीच्या तेलाचा, जो साबणानं जात नाही, भाकरीत उतरतो, उशीत उतरतो. आम्ही बायका ओळीनं बसायचो. संत्रं तळहातात आलं की बोटांना कळायचं, मोठा का मधला का बारीक. डोळे गप्पांत असायचे, तोंड दुसऱ्याच्या सासूत, आणि हात बरोबर ढिगात फेकायचे. आडतीचा मालक सांगायचा, "बाई, नीट पाहून टाका." पाहून! पाहून छाटणी त्याच्यासारखे करतात, म्हणून त्याच्या हातून एक पेटी कधी सरळ भरली नाही.

संत्रा संपला तेव्हा त्याच अंगणात शेंगा फोडायला बसलो. बोटांचा वास बदलला, गप्पा त्याच राहिल्या.

खोली स्टेशनकडच्या गल्लीत. कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या छपराची, एका खिडकीची. मोठ्या लाईनच्या गाड्या गेल्या की फळीवरची भांडी आपसात बोलायची. मालगाडीला जास्त, पॅसेंजरला थोडं. फळी म्हणजे तरी काय, दोन संत्र्याच्या पेट्या आडव्या. खुर्ची म्हणजे एक पेटी उभी. त्या पेट्यांच्या फटींतून वर्षभर तणसाच्या काड्या निघत होत्या.

घरमालकीण लगतच्या माडीवर राहायची. भली बाई असं सगळे म्हणायचे, कारण ती सकाळी तुळशीला मोठ्यानं पाणी घालायची. तिला माझ्या भाड्याची अडचण नव्हती, माझ्या एकटेपणाची होती. शेजारी विचारतील, सांगायचं काय? तर तिनं मला न विचारता माझं लग्न लावून दिलं. गल्लीत सांगितलं, हिचा नवरा फौजेत आहे, बॉर्डरवर. आठ दिवसांनी नळावरची बाई मला विचारते, "काय व, फौजीची चिठ्ठी आली का?" मी म्हटलं, "कोणता फौजी?" तर ती डोळे मिचकावून म्हणते, "लाजते भल्ली!" माझा नवरा बर्फात उभा होता आणि मला त्याचं नाव माहीत नव्हतं. बरं, त्या गल्लीला एकटी बाई पचत नव्हती, पण खोटा नवरा सहज पचला. नंतर तर त्याची बदलीही झाली म्हणे, काश्मीरहून आसामला.

भांडी मी एकेक घेतली. पगार झाला की एक. पाण्याची गुंडी, गंज, ताट, दोन वाट्या, दोन गिलास. जिचं लग्न होतं तिला हे सगळं एका दिवसात मिळतं, ह्याच्याकडून त्याला सप्रेम भेट, मामाकडून, मावशीकडून, ज्यांनी कधी एक कप चहा पाजला नाही त्यांच्याकडूनही. मला कोणी दिलं नाही, म्हणून मी ठरवलं, नाव तरी घालीन. भांडी घेऊन त्या म्हाताऱ्याच्या ओट्यावर गेले.

"कोणाकडून?" त्यानं न पाहता विचारलं.

"माह्याकडून."

"कोणाले?"

"मले."

हातोडी थांबली. त्यानं दोऱ्याचा चष्मा वर केला. "असं नसते होत, बाई. देणारा अलग लागते, घेणारा अलग."

"माहं नाव टाका फक्त. दुसरं काही नको."

तो पुटपुटत बसला. टिक टिक टिक. मी बाजारातून मिरच्या घेऊन आले, तर सातही भांड्यांवर माझं नाव, आणि नावाच्या आधी ठसठशीत "सौ." त्याला विचारलं, हे काय? त्याचं डोकं माझं नाव ऐकत होतं, पण हात तीस वर्षांच्या सवयीनं आपोआप सुरू झाले होते. बाईचं नाव आणि सौ. नाही, हे त्याच्या हातांना माहीतच नव्हतं.

"राहू दे ना, शुभ आहे," तो म्हणाला.

"खोडा."

"पोलादावरचं खोडता नाही येत, पोरी."

मी तिथंच उभी. शेवटी त्यानं उसासा टाकला, पहिला गिलास घेतला आणि "सौ."च्या भोवती ठिपके मारत मारत त्याचं फूल केलं. पाच पाकळ्यांचं. मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. मालकिणीनं फुलं पाहिली आणि तिचा जीव हळहळला. "अवो, सौ. ठेवलं असतं तर काय गेलं असतं तुमच्या बापाचं? फौजीले बी बरं वाटलं असतं!"

दर बाजाराच्या दिवशी वहिनी तपासणीला यायची. भाऊ पाठवायचा. ती बसनं यायची, पाणी पिऊन लगेच कामाला लागायची. गंजावरचं झाकण उघडून वास घे. खाटेखाली वाकून पाहा. फळीवरून बोट फिरव आणि बोट माझ्यासमोर धर. "किती धूळ व ही." बोलणं एवढंच. मला वाटायचं, हिला स्वतःचं काही डोकं आहे का? नवऱ्यानं किल्ली दिली की चालणारी बाहुली. मी आडतीवर तिची नक्कल करायचे, बोट धरून, मान वाकडी करून, आणि बायका शेंगांच्या ढिगावर लोळायच्या हसून.

मग श्रावण. कवेलूतून तीन ठिकाणी पाणी. गंज एका थेंबाखाली, ताट दुसऱ्याखाली, तिसरा थेंब माझ्या खाटेवर. पोळा चार दिवसांवर आणि मला ताप भरला. असा ताप की मालगाडी गेली तर वाटायचं अंगावरून गेली. दोन दिवस कामाला गेले नाही. मालकिणीनं माणूस धाडून मोहगावला निरोप दिला. भली बाई!

भाऊ आला. वहिनी मागं. भावानं दारातूनच पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरले नाही. काळजी नव्हती ती. जिंकल्याचं होतं. "झालं ना?" तो म्हणाला. "चला, सामान बांधा. सौसरची शेवटची बस सापडते." आणि स्वतःच खुर्चीची पेटी ओढून माझी भांडी त्यात टाकायला लागला. एकेक भांडं ठणकन पडत होतं. मला उठता येत नव्हतं. मला बोरगाव दिसत होतं, रंगवलेल्या मिशा दिसत होत्या. मी "नाही" म्हणाले असेन, पण तोंडातून आवाज निघाला की नाही, माहीत नाही.

"अंग तरी पाहा तिचं," भाऊ वहिनीला म्हणाला.

वहिनी आली. तिच्या पावसानं गार झालेल्या हाताला कांद्याचा वास होता. हात माझ्या कपाळावर ठेवला, खूप वेळ ठेवला. मग झटकल्यासारखा काढला.

"गार आहे," ती म्हणाली. "काही ताप-बिप नाही. कामचुकारपणा आहे सारा. दोन दिवस लोळायचं होतं, लोळली."

"अवो, पण तो निरोप..."

"तो कायचा निरोप? इले घरी नेता आन् पलंगावर बसवता, मंग इचं सारं कोण करते? मीच ना! ऐन पोळ्याच्या कामात? मी नाही करत. राहू द्या इथंच सडत. उठीन आपोआप पोटाले लागलं की."

अशी कडाकडा ती पहिल्यांदा बोलत होती. भाऊही दबकला. तिनं पेटीतली भांडी पुन्हा फळीवर मांडली, एकेक पुसून, पाठ माझ्याकडे करून. गुंडी भरून खाटेजवळ ठेवली. आणि दोघं गेली.

दोन दिवसांनी मी उठले तेव्हा फळीवर एकच गिलास होता.

चोरटी! नणंदेचा एक गिलास सुटला नाही हिच्यानं! मरायला टाकून गेली आणि जाता जाता भांडं उचललं! हे मी किती जणांना सांगितलं असेल. आडतीवर, नळावर, बसमध्ये शेजारी बसणाऱ्या अनोळखी बाईलासुद्धा. चाळीस वर्षं सांगितलं.

पोळ्याच्या दिवशी मी दाराशी पेटीवर बसून होते. बैल चालले होते शिंगं रंगवून, झुली घालून, पाठीमागं घुंगरांचा आवाज आणि शेणाचा, तेलाचा, बेगडाचा वास. संध्याकाळ झाली, तोरणं तुटली. मोहगावहून कोणीच आलं नाही. "राहिली बाप्पा तू" असं म्हणायला एक माणूस नाही. हरलेलं पाहायला येणारे लोक बसभरून असतात, जिंकलं की सगळ्यांचे बैल दमलेले. बोरगाववाल्याचं त्याच दिवाळीत दुसरीशी जमलं. मी पुरण केलं होतं, एका माणसाचं. अर्धं जळलं. खाल्लं तरी.

नंतर खोल्या बदलल्या, कामं बदलली, स्वतःचं घर झालं. कवेलूची खोली पाडून तिथं आता मोबाईलचं दुकान आहे, आत बारा महिने गार हवा आणि एकाही वस्तूला वास नाही. मालकिणीच्या नातवानं मागं मला विचारलं, "आजी, तुमचे मिस्टर फौजेत होते ना?" मी म्हटलं, हो, शहीद झाले.

मंगळवारी वहिनीनं समोरच्या खोलीत आपली पिशवी रिकामी केली. दोन लुगडी, औषधं, चष्मा, आणि लुगड्याच्या घडीत गुंडाळलेला एक गिलास. पाच पाकळ्यांचं फूल आणि माझं नाव.

"घे," ती म्हणाली. "तुहा आहे."

"चोरटी," मी म्हटलं.

"हो."

"कायले नेला?"

"पाहत होती कधी कधी." मग चष्मा फळीवर ठेवत म्हणाली, "मले वाचता कुठं येते. बोट फिरवत होती त्याच्यावर."

मी दाराला धरून उभी राहिले. विचारावं की नाही, कळेना. विचारलंच. "वहिनी, तवा मले ताप होता ना?"

"फणफणून राहिली होती तू," ती म्हणाली. "हात भाजला माहा." आणि फळीवरून बोट फिरवून माझ्यासमोर धरलं. "किती धूळ व ही माह्या घरमालकाची."

घर्रर्र थांबलं. भांडीवाल्यानं गंज फुंकला, पुसला आणि लेखणी हवेत धरून विचारलं, "तारीख काय टाकू, आजी?"

"कायची तारीख?"

"त्या बाई गेल्या त्याची. टाकते ना लोक."

मी गंज त्याच्या हातातून ओढून घेतला. "कै. यमुना." गोल, सुरेख, मशीनचं अक्षर. दोन म्हाताऱ्या बाया येतात आणि एका बाईचं नुसतं नाव टाका म्हणतात, ना देणारा, ना घेणारा. त्याच्या हिशेबानं हे भांडं कोणाच्या तरी तेराव्याला वाटायचं होतं. बाप तसा लेक. बापानं मला सुवासिनी केलं, लेकानं हिला स्वर्गात धाडलं. जिवंत बाईचं साधं नाव लिहायला ह्या खानदानाला अजून किती पिढ्या लागतील, देव जाणे!

"काय लिहिलं त्यानं?" वहिनीनं विचारलं. तिला वाचता येत नाही. मला खोटं सांगता आलं असतं. पण खोटं बोलायची पाळी माझी नव्हती.

"यमुना मेली असं लिहिलं."

भांडीवाल्याचा चेहरा उतरला. "माफ करा हो आजी, मले वाटलं... दुसरा गंज देतो, नवा..."

वहिनीनं गंज माझ्याकडून घेतला आणि अक्षरांवरून बोट फिरवलं, पुढून मागं, मागून पुढं. दुकानाबाहेर हातगाडीवाला ओरडत होता, कोणी स्कूटरचा हॉर्न दाबून बसलं होतं.

"दुसरा नको," ती म्हणाली. "गेली होतीच ते. पण आता आली ना वापस." आणि पिशवीतून माझा गिलास काढून त्याच्यापुढं धरला. मी परत घेतलाच नव्हता. "मेल्याच्या जागी असं फूल काढ."

त्यानं गिलास उजेडात धरला. ठिपके पाहिले. "बाबाच्या हातचं आहे हे," तो हळूच म्हणाला. मग मशीन बाजूला ठेवलं, गल्ल्याखालचा डबा उघडून आत बराच वेळ शोधलं, आणि गंजलेलं पोलादाचं टोक आणि हातोडी काढली. टिक. टिक. हात बसलेला नव्हता, फूल थोडं वाकडंच आलं. एक पाकळी मोठी झाली.

तेवढ्यात माझ्या फोनवर भाच्याचा फोन. मी तो तसाच तिच्या कानाला लावला. पलीकडचं मला सगळं ऐकू येत होतं. आई, झालं का तुहं राहणं? लोक विचारून राहिले. कधी येऊ घ्यायले?

"पोळ्याले ये," वहिनी म्हणाली. "जेवायले ये. बायकोले बी आण. गंज नवा घेतला मी, पुरण त्याच्यातच टाकीन." मग थोडं थांबून म्हणाली, "पण मुक्काम नाही करायचा, बाबू. जागा लहान आहे माही. संध्याकाळच्या बसनं वापस जायचं."